बानेटाखालची बाळंतीण

हिंगोली, मार्गशीर्ष शुद्ध २, शके १८५८

राजश्री ग्यानबाजी इवाई, मुक्काम सेनगाव, यांस लेकीच्या बापाचा, माणिकराव मोटारवाल्याचा रामराम.

पत्र घेऊन आलेला वसराम हा माझा ड्रायव्हर. तांड्यावरचा आहे. बोलतो कमी, खातो जास्त, पण हात सोन्याचा. त्याच्यासोबत माझी धाकटी मोटार तुमच्या दारात पाठवून राहिलो. मी स्वतः आलो असतो. पण थोरली मोटार टपालाची. ती रोज कनेरगाव नाक्यावरून वाशीमला न्यावी लागते, आणि वसराम तुमच्याकडे म्हटल्यावर चाकावर मीच. एक दिवस चुकलो की ठेका दुसऱ्याचा.

मनकर्णेला नववा लागला. तिला इकडे आणून ठेवतो म्हणालो, तर तुमच्या घरची रीत आडवी आली, की सातव्यानंतर वेणा लागल्याबिगर बाईनं नदी ओलांडायची नाही. रीत तुमची, लेक माझी. आईवेगळी वाढवलेली. मागच्या साली बैलगाडीत, नर्सीच्या अलीकडे, तिचं पहिलं लेकरू गेलं. त्याबद्दल मी काही विचारलं नाही, आताही विचारत नाही. एवढंच म्हणतो, की सेनगावाहून हिंगोलीच्या दवाखान्याला बैलगाडीला उगवतीपासून मावळतीपर्यंत लागतं, आणि मोटारीला दोन तास. रीत तुम्ही सांभाळा, दोन तासांचं मी सांभाळतो.

मात्र मोटार म्हणजे म्हैस नव्हे, की बांधून ठेवली आणि वेळ आली की पिळली. थंडीत तिचं इंजिन गारठतं. एक दिवसाआड सकाळी वसरामकडून ती चालू करवा आणि पाव तास चालू राहू द्या. टप कापडी आहे, गादी मऊ आहे. कोंबड्या, शेरडं, मांजरं जवळ फिरकू देऊ नका. मोटारीकडे बघा, लेकीकडे त्याहून जास्त बघा.

माणिकराव

*

सेनगाव, मार्गशीर्ष शुद्ध ६

माणिकराव इवाई यांस ग्यानबाचा दंडवत.

मोटार पोचली. सारा गाव लोटला. आमच्या घरातून चाकांवर पाणी घातलं, इंजिनावरच्या बानेटाला हळदकुंकू लावलं. मिराबाई शेजारीण म्हणाली, "ग्यानबाभाऊ, इवायानं लेकीला हुंडा आता दिला व्हय?" समदे हसले. मी बी हसलो. तुमी बी हसा.

मनकर्णा बरी हाय. पाय जरा सुजलेत. मोटार पत्र्याच्या छपरात उभी केली. वसराम सांगितल्याबराबर चालू करून राहिला. पण एक तकलीफ झाली. गल्लीतली मांजरं.

इंजिन बंद झालं की बानेट घंटाभर ऊन राहतं. त्याच्यावर सात-आठ मांजरं येऊन बसतात, जशी काही शेकोटीच पेटली. उतरताना टपाला नखं लावतात. पाच चिरा मी मोजल्या. एकानं मागच्या गादीवर घाण केली, ती वसरामनं राखेनं पुसली. वसराम म्हणतो, "काका, दोन पोती द्या. समदी भरतो अन् तांड्याच्या पल्याड सोडून येतो." पण आमच्या घरात मांजराला हात लावायची मनाई हाय. काहून ते इचारू नका. हात न लावता काही विलाज असंल तर कळवा.

तुमचा, ग्यानबा

*

हिंगोली, मार्गशीर्ष शुद्ध ९

ग्यानबाजी इवाई,

हुंड्याचं वाचून हसलो. मिराबाईंना म्हणावं, हुंडा परत न्यायचा असतो असं पहिल्यांदाच घडून राहिलं.

आता मांजरं. छपराच्या भोवती बाभळीच्या फांद्या रोवा, दाट. चाकांवरच्या पत्र्यांवर राकेलात भिजवलेल्या चिंध्या ठेवा. वाशीमच्या बाजारातून संत्र्यांची सालं आणली, ती या माणसासोबत पाठवतो. टपावर पसरा, त्या वासाला मांजर नाक मुरडतं. इंजिन बंद केलं की बानेटावर ओलं पोतं टाका, म्हणजे शेकोटी लवकर विझेल. मिरचीची पूड कुणी सुचवली तर ऐकू नका. त्याच गादीवर माझी लेक निजायची आहे.

आणि इवाई, एक बोलतो, राग मानू नका. ऊब तर प्रत्येकाच्या चुलीपाशी असते. एका दारात आठ मांजरं जमतात तिथं कुठंतरी ताटली ठेवलेली असते. ती ताटली कुणाची, हे मी विचारत नाही. फक्त ती गल्लीच्या त्या टोकाला हलवा.

टपाच्या चिरांचं मला काही नाही. पण मांजर इंजिनात शिरलं आणि वसरामनं न बघता चालू करायचं हँडल फिरवलं, तर पंख्यात मांजरही जाईल आणि पट्टाही जाईल, आणि पट्टा गेला की मोटार म्हणजे लोखंडाची बाज. तेवढं जपा.

माणिकराव

*

सेनगाव, मार्गशीर्ष वद्य १

माणिकराव इवाई यांस दंडवत.

सालं पोचली. बाभळी रोवल्या. मांजरांची आता काही तकलीफ न्हाई. मोटार ठीक हाय. मनकर्णा ठीक हाय. सुईण म्हणते, पौष लागता लागता. काळजी नसावी.

ग्यानबा

*

हिंगोली, मार्गशीर्ष वद्य ७

ग्यानबाजी,

काल नाक्यावर करोडगिरीचे शिपाई जकातीसाठी गठ्ठे तपासत होते. माझी मोटार थांबलेली. मागच्या बाकावर किसनसिंग घोंगडीवाला बसला होता. पाच दिवस सेनगावात मुक्काम करून आला, तोही तुमच्याच गल्लीत. शेजारच्याशी बोलत होता, माझ्याशी नव्हे. मी पुढे तोंड करून ऐकत होतो.

"मोटार? हाय की. देवावानी उभी. बायका येऊन पाया पडतात."

"आन् चालते का?"

"चालायचं सोड, खोकली बी न्हाई. पाच दिसांत मी तर आवाज ऐकला न्हाई बा."

मी मागे वळलो नाही. नाका सुटला, मोटार चालू केली, आणि वाशीमपर्यंत मला रस्ता दिसला नाही.

इवाई, मी आठ वर्षं दुसऱ्यांच्या मोटारी पुसल्या. हँडलला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून कान लावून शिकलो. इंजिन न खोलता दुखणं सांगतो. तुमचं पहिलं पत्र पानभर होतं, दुसरं चार ओळींचं. त्यात दोनदा 'ठीक' आणि एकदा 'तकलीफ न्हाई'. जे इंजिन एवढं गुपचूप चालतं ते आतून तुटलेलं असतं.

मोटार का बंद आहे? वसराम आजारी आहे का? मोटार मोडली का? की मनकर्णेला काही झालं आणि मला कळवायचं नाही? उलट माणसाहाती खरं लिहा. पौष लागायला आठ दिवस राहिले.

माणिकराव

*

सेनगाव, मार्गशीर्ष वद्य ९

इवाई,

मनकर्णा खरंच बरी हाय. देवाशपथ. मोटार बी मोडली न्हाई. वसराम बी धडधाकट हाय, दोन टायमाला चार-चार भाकरी खातो.

पुनवेच्या सकाळी त्यानं हँडल लावायच्या आधी बानेट उघडलं. तुमीच बघायला सांगितलं व्हतं. आत इंजिनाच्या बाजूला पत्र्याची खोबण हाय ना, तिच्यात करडी मांजर व्यालेली. चार पिलं. डोळे मिटलेले, करंगळीएवढी. वसरामनं मला हाक मारली, माझ्या मागं आमची कारभारीण रुक्मा आली. तिनं बघितलं अन् बानेट आपल्या हातानं खाली केलं. म्हणाली, "बाळंतीण हाय. ती आपल्या पायानं उठून जाईस्तोवर मोटारीला कुणी शिवायचं न्हाई."

मी म्हणालो, "अगं, मनकर्णेचे दिस भरत आले."

ती म्हणाली, "म्हणूनच."

इवाई, ताटली तिचीच. सालभर गल्लीतल्या समद्या मांजरांना ती सकाळ-संध्याकाळ दूध-भाकर घालून राहिली. मला वाटायचं, नातू गेला, मन रमवते. काहून ते मला बी ठाऊक नव्हतं. त्या दिशी मी खोदून खोदून इचारलं तवा बोलली.

मागच्या साली मनकर्णेला कळा लागल्या तवा मी बैल आणायला मळ्यात गेलो व्हतो. इकडं गाडीत गवत टाकायचं तर गवतात मांजर व्यालेली. रुक्मानं घाईत पिलं उचलली अन् कुडाकडं फेकली. मी बैल जुपून गाडी मागं घेतली. दोन पिलं चाकाखाली गेली. मला दिसलं न्हाई. तिला दिसलं. गाडीत बसल्या बसल्या तिनं ते पाहिलं अन् कुणाला सांगितलं न्हाई. अन् नर्सीच्या अलीकडं लेकरू गेलं.

ती म्हणते, "मी दोन घेतली, तिनं माझं एक घेतलं. आता पुन्यांदा न्हाई."

तिला काय सांगू? काशीला सोन्याचं मांजर वाहतात म्हणतात, तसं वाहू म्हणालो. तर म्हणाली, सोन्याचं मांजर दूध पितं का?

वसरामला तिनं भाकरीवर हात ठेवून शपथ घातली, मालकाला कळवायचं न्हाई. मला शपथ घातली न्हाई, तरी मी लपवलं. वाटलं, चार-आठ दिसांत मांजर जाईल. चुकलो.

ग्यानबा

*

हिंगोली, मार्गशीर्ष वद्य १०

ग्यानबाजी इवाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यावर जे पहिलं उत्तर लिहिलं ते फाडून टाकलं. त्यात तुमच्या घरातल्या माणसाला मी असं काही लिहिलं होतं की नातं राहिलं नसतं.

मग बसून विचार केला. ऊब कुणी केली? एक दिवसाआड इंजिन तापवा हा हुकूम माझा. मांजरीनं गावातली सगळ्यात ऊन जागा निवडली, आणि ती मीच तिला करून दिली. तेव्हा एकट्या विहीणबाईंना दोष लावायला मला जागा नाही.

विहीणबाईंना सांगा, माणिकराव म्हणतो, तुमचा शब्द मोडू नका. पिलांना शिवू नका, मांजरीला हाकलू नका. पण तिनं आपण होऊन उठावं यासाठी काही करू नये, असं तर तुम्ही म्हणाला नाहीत? मांजर पिलं सात घरं फिरवते. का फिरवते? तिला नजर सोसत नाही. ज्या जागी चार डोळे पडले ती जागा ती सोडते. मग पडू द्या डोळे. मिराबाईंना बोलवा, सगळ्या आळीला बोलवा. दिवसभर बानेट उघडं ठेवा आणि बायकांना म्हणा, या, बाळंतीण बघून जा. मोठ्यानं बोलू द्या. चुलीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात डालग्यात जुनी गोधडी घालून ठेवा, ताटलीही तिथंच. मांजर तिकडेच नेईल. कुणाचा हात लागला नाही, शब्द राहिला, मोटार मोकळी.

आता एक विचारतो. एवढं करूनही मांजर गेली नाही, आणि वेणा लागल्या, तर? वसरामनं हँडल फिरवायचं की नाही? मी आजच टपाल फेकून निघून येईन. पण मी आलो तर पिलं मीच काढणार, आणि मग तुमच्या घरात माझी लेक कशी नांदेल? म्हणून मी तुम्हाला विचारून राहिलो. पुढच्या पत्रात पहिल्या ओळीत याचं उत्तर पाहिजे.

माणिकराव

*

सेनगाव, मार्गशीर्ष वद्य १३

इवाई,

हँडल फिरवायचं का ते रुक्माला इचारलं. ती चुलीकडं तोंड करून बसली अन् लाकडं पुढं सारत राहिली. चूल इझलेली व्हती.

तुमची युक्ती तिला पटली. तिनंच आळीत बोलावणं धाडलं. काल सकाळपासून छपरात जत्रा. मिराबाई तर दोनदा आली. "अगं बया, हे काळं तर मोटारीवरच गेलंय!" म्हणाली. पोरींनी पिलांना नावं ठेवली. मांजर आधी गुरगुरली, मग दुपारी तिनं एक पिलू मानेला धरून उचललं. समद्या बायका मागं सरल्या. ती सरळ चुलीमागं गेली, डालग्यात ठेवलं, परत आली, दुसरं नेलं. रुक्मा पदर तोंडाला लावून उभी. मी वसरामला खूण केली, मोटारीच्या टाकीसाठी ऊन पाणी ठेव म्हणून.

तेवढ्यात गल्लीतला एक लंगडा बोका आढ्यावरून डालग्यावर उतरला. काय भांडण झालं इवाई! मांजरीनं त्याचा कान फाडला. अन् मग ती दोन्ही पिलं एकामागं एक उचलून परत मोटारीत. चारी हाईत तिथंच. आज कितीबी लोक आले तरी ती हलेना. डोळे मिटून पडली हाय, जशी काही म्हणते, या, बघा.

वसराम हँडल उशाला घेऊन छपरातच बाजेवर असतो. मनकर्णा काल मोटारीपाशी जाऊन उभी राहिली. मी म्हणालो, बाई, तू तरी सासूला सांग. तर म्हणाली, "मामंजी, मी मागच्या खेपेला गाडीत आत्याबाईंचं तोंड पाहिलंय. मला न्हाई सांगवत."

दोन कळा काल येऊन गेल्या. सुईण म्हणते खोट्या. मला बैल जुपून ठेवावे वाटतात, पण गाडीकडं बघितलं की हात चालत न्हाई.

ग्यानबा

*

सेनगाव, पौष शुद्ध १

इवाई,

हे पत्र घोड्यावर रामसिंगाहाती पाठवतो. मोटार त्याच्या आधी पोचली असंल, तर तुमाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असंल. न पोचली असंल तर रस्त्यावर बघा.

तांबडं फुटताना मनकर्णेला कळा आल्या. खऱ्या. आमच्या पोरानं, तातेरावनं, बायकोसाठी मागच्या गादीवर गोधड्या घातल्या. वसरामनं बानेट उघडलं, पाण्याच्या टाकीत ऊन पाणी ओतलं, अन् हँडल हातात घेऊन नुसता उभा. माझ्याकडं बघे. मी रुक्माकडं बघे. मनकर्णा चौकटीला धरून वाकलेली.  तातेराव पुढं झाला तर मीच त्याचा हात धरला. काहून धरला ते मला अजून कळंना.

रुक्मा सुनेजवळ गेली. "किती येळानं येऊन राहिल्या?"

"दमच देत न्हाईत, आत्याबाई."

रुक्मा छपरात आली. मांजरीपुढं वाकली अन् तिच्याशी बोलली, जसं शेजारणीशी बोलावं तसं. "बाई, तुझं बी खरं हाय. पण माझ्या घरात दुसरी बाळंतीण खोळंबली." अन् हात घातला.

मांजरीनं मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं. रक्त टपाटपा. रुक्मानं हात मागं घेतला न्हाई. एकेक पिलू काढून पदराची ओटी करून त्याच्यात ठेवलं. चारी. मग म्हणाली, "मागं फेकली व्हती, औंदा ओटीत घेतली. पाप लागायचं तर मला एकटीला लागंल. वसराम, फिरव."

वसरामनं फिरवलं. काही न्हाई. पुन्यांदा. काही न्हाई. पंधरा दिसांचा गारठा. मनकर्णेला तोवर गादीवर घेतलं व्हतं, तातेराव उशाशी बसला व्हता, तिचं कण्हणं अन् हँडलचा खडखडाट, दुसरा आवाज न्हाई. वसराम घामानं निथळला. सुईण म्हणाली, आता बैल जुपा. तवा रुक्मा ओरडली, "बैल न्हाई! फिरव, लेकरा!" अन् मोटार खोकली. एकदा, दोनदा, मग धूर सोडून धरली. मोटार वळणावरून दिसेनाशी झाली तरी आमी समदे आवाज ऐकत उभे व्हतो. मग आवाज बी गेला.

आता दुपार कलली. रुक्मा उंबऱ्यावर बसलीया. पिलं ओटीत. मांजर छपराच्या टोकावरून बघते, जवळ येत न्हाई. रुक्मा कापसाची वात दुधात बुडवून पिलांच्या तोंडाला लावते. हाताला हळद लावू देत न्हाई. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला न्हाई. म्हणते, बातमी आल्याबिगर न्हाई. जी काही बातमी असंल ती लवकर धाडा. वाईट असली तरी.

ग्यानबा

*

हिंगोली, पौष शुद्ध २, संक्रांत

सौ. विहीणबाई रुक्माबाई यांस माणिकरावाचा वाकून नमस्कार.

ग्यानबाजी, हे पत्र मोठ्यानं वाचा. एक ओळ गाळू नका, तुमची ती खोड मला कळलेली आहे.

विहीणबाई, आधी पाणी प्या. मी थांबतो.

मनकर्णा सुखरूप आहे. लेकरू सुखरूप आहे. दोन्ही जीव दवाखान्यात, उबेत आहेत.

काल मी टपालाची पोती भरत होतो. नदीच्या बाजूनं आवाज आला आणि मी पोतं सोडून दिलं. माझी मोटार मी अर्ध्या कोसावरून ओळखतो. इंजिनाच्या चार नळ्यांतली एक धरत नव्हती, तीनवर येत होती, पण येत होती. दवाखान्याच्या फाटकातून आत घेतली आणि मनकर्णा घडीभरात मोकळी झाली. नाळ गळ्याभोवती होती. नर्सबाई मला बाहेर येऊन म्हणाली, "बैलगाडीनं आला असतात तर मला काही करता आलं नसतं." मी तिला म्हणालो, बैलगाडीनंच येणार होते. ती हसली. मी हसलो नाही.

टपाल काल गेलं नाही. ठेक्याचं काय व्हायचं ते होवो. ज्यांनी विचारलं त्यांना मी सांगितलं, घरी बाळंतपण होतं. बाळंतिणी दोन होत्या, हे म्हणालो नाही.

तुमच्या पापाचा हिशेब मला येत नाही, विहीणबाई, मी मोटारी दुरुस्त करणारा माणूस. पण हाताला हळद लावा. मांजरीचं नख पिकतं.

वसराम मोटार घेऊन तुमच्या दारात आला आहे, रिकामी. टपाच्या चिंध्या झाल्यात, गादीला वास आहे, त्याचं काही मनात आणू नका. मांजर पिलांपाशी आली असेल तर तिचं ती बघेल. आली नसेल तर वात, दूध आणि चारी पिलं घेऊन गाडीत बसा. मोटारीत बसायला तुम्ही नाही म्हणणार, घर कोण बघेल म्हणणार, हे मला माहीत आहे. म्हणून मुलगा की मुलगी ते मी लिहीत नाही. वसरामलाही कळू दिलं नाही, त्याला फाटकाबाहेर ठेवला. तातेराव इथंच आहे, त्यालाही गप्प बसवला आहे.

आणि लवकर निघा. मनकर्णेनं लेकरू अजून कुणाच्या हाती दिलेलं नाही. म्हणते, पहिलं आत्याबाईंच्या ओटीत. मी सख्खा आजा असून कालपासून दारात उभा आहे.

माणिकराव